लोड गाडी, उतार आणि न पडणारा गिअर

वाचकाचे पत्र: लोणंदहून वाशीच्या बाजारात कांदा नेणाऱ्या सहा चाकी ट्रकवर मी पाच महिन्यांपासून चालक आहे. गाडी जुनी, सहा गिअरची आहे. चढावर गिअर उतरवताना फारसा त्रास होत नाही, पण उतारावर लहान गिअर पडतच नाही. खरखर होते आणि दांडा हाताला झटका देतो. मागच्या आठवड्यात खंडाळ्याच्या उतारावर चौथ्यातून तिसरा टाकायला गेलो, तो पडला नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये पळू लागली. ब्रेकवर कशीबशी थांबवली, तेव्हा लायनरचा (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्यांचा) वास येत होता. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद म्हणतात, उतारावर गाडी न्यूट्रलच सोडायची, डिझेल वाचते. मालक फेरीमागे मोजून डिझेल देतात. मी काय करावे?

उत्तर: तुमचे पत्र वाचून प्रथम बरे वाटले ते एवढ्यासाठी की, गाडी थांबल्यावर तुम्ही तो प्रसंग विसरून न जाता त्याचे कारण शोधायला बसलात. परवान्याच्या परीक्षेत भरलेली गाडी घाटातून उतरवून दाखवावी लागत नाही. त्यामुळे हे ज्ञान प्रत्येक नव्या चालकाला कोणाच्या तरी शेजारी बसूनच मिळवावे लागते, आणि शेजारचा माणूस चुकीचे शिकवत असेल तर ती चूक पिढ्यान् पिढ्या चालत राहते. तुमच्या उस्तादांविषयी मला अनादर नाही, परंतु न्यूट्रलची त्यांची शिकवण तुम्ही आजच्या आज सोडून द्यावी, असे मी स्पष्टपणे सांगतो.

चढावर गिअर पडतो आणि उतारावर पडत नाही, या तुमच्या निरीक्षणातच निम्मे उत्तर दडलेले आहे. गिअर बदलताना दांडा एका गिअरमधून निघून दुसऱ्यात जाईपर्यंत गाडी क्षणभर मोकळी असते. चढावर त्या क्षणात गाडीचा वेग आपोआप कमी होतो, म्हणजे लहान गिअरला हवा असलेला वेग स्वतःहून जवळ येतो आणि दांडा सहज आत जातो. उतारावर त्याच क्षणात गाडी वेग घेते, म्हणून लहान गिअर प्रत्येक सेकंदाला तुमच्यापासून दूर पळत असतो. पहिल्या प्रयत्नात जो पडला नाही, तो दुसऱ्यात पडण्याची शक्यता आणखी कमी आणि तिसऱ्यात त्याहून कमी. अशा वेळी दांड्यावर जोर करून काही साधत नाही, फक्त गिअरचे दात खाल्ले जातात.

आकड्यांतून पाहिले तर हे अधिक स्वच्छ दिसेल. समजा, तुमच्या गाडीत 2000 आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला 2000 फेऱ्यांना) तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 20, चौथ्यात 30 आणि पाचव्यात 46 किलोमीटर वेग येतो. (हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गाडीचे तुम्हालाच काढावे लागतील, ते कसे काढायचे हे पुढे सांगतो.) तुम्ही चौथ्यात ताशी 30 ने उतरत असताना तिसरा टाकायला गेलात, तर तिसरा पडण्यासाठी इंजिनाला 3000 आरपीएमवर जावे लागेल, आणि बहुतेक मालवाहू डिझेल इंजिनांचा लाल पट्टा त्याच्या बराच अलीकडे सुरू होतो. म्हणजे गिअर न पडणे हीच एका अर्थाने गाडीची कृपा होती; तो जबरदस्तीने पडला असता, तर चाकांनी इंजिनाला त्याच्या सोसण्यापलीकडे फिरवले असते आणि व्हॉल्व्ह वाकण्यापर्यंत पाळी आली असती. त्याऐवजी चौथ्यातच ठाम ब्रेक लावून वेग 20 ते 22 पर्यंत आणला असता, तर तिसऱ्याला फक्त 2000 ते 2200 आरपीएम लागले असते आणि दांडा आत गेला असता. आधी ब्रेकने वेग उतरवावा आणि मग गिअर उतरवावा; वेग उतरवण्यासाठी म्हणून गिअर टाकायला जाऊ नये. लोड गाडीत गिअरचे काम उतरवलेला वेग धरून ठेवणे हे आहे.

आता डबल क्लचविषयी. नव्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये पितळेची कडी दोन्ही बाजूंचा वेग घासून जुळवून देते, म्हणून एकदा क्लच दाबून गिअर टाकला तरी भागते. जुन्या गाडीत ही कडी झिजलेली असते आणि तिचे काम चालकाच्या पायाला करावे लागते. क्लच दाबून दांडा न्यूट्रलमध्ये आणावा, तिथे क्लच पूर्ण सोडावा, सोडलेल्या क्लचवरच अॅक्सिलरेटर दाबून इंजिनाला रेस द्यावी म्हणजे गिअरबॉक्सच्या आतला शाफ्ट लहान गिअरला जुळेल इतका वेगाने फिरू लागतो, आणि मग पुन्हा क्लच दाबून दांडा लगेच आत न्यावा. नवे चालक चुकतात ते मधल्या टप्प्यात. क्लच दाबलेला ठेवूनच रेस दिली, तर इंजिन तेवढे ओरडते, पण गिअरबॉक्सपर्यंत काहीच पोहोचत नाही आणि खरखर तशीच राहते. न्यूट्रलमध्ये पाय क्लचवरून खरोखर उठला पाहिजे, अर्धवट नव्हे.

रेस किती द्यावी, हे कानाने शिकावे लागते. वरच्याच उदाहरणात ताशी 22 च्या वेगाला चौथ्यात इंजिन साधारण 1450 वर असते आणि तिसऱ्यात त्याला 2200 वर जायचे असते. म्हणजे जिथे आहे त्याच्या दीडपट. दांडा निघाल्यावर इंजिनाचा आवाज त्या उंचीला नेऊन तो उतरू लागण्याच्या आत गिअर टाकावा. योग्य वेळ साधली की दांडा लोण्यातून गेल्यासारखा आत जातो. दांड्याची मूठ तळव्यात सैल धरावी, मुठीत आवळू नये. वेग जुळत आला की ती तळव्यातच बारीक थरथरते आणि मग एकाएकी शांत होते, आणि त्या शांत क्षणी दोन बोटांचा दाबही पुरतो. ज्याने मूठ आवळून धरली आहे त्याला ही थरथर कळत नाही.

मात्र डबल क्लचचा सराव करण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करा, कारण कधी कधी सगळा दोष चालकाचा नसतो. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन चालू ठेवा, क्लच तळापर्यंत दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. इतके थांबूनही रिव्हर्स खरखरत पडत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही, असे समजावे. पेडलचा खेळ वाढलेला असेल, क्लचचे ऑइल कमी झाले असेल किंवा त्यात हवा शिरली असेल, आणि मग तुम्ही कितीही नेमकी रेस दिलीत तरी गिअर कुरकुरणारच. हे काम मेकॅनिकचे आहे आणि ते करून घेण्याआधी घाटात जाऊ नये.

आता मुख्य प्रश्न: न्यूट्रल आणि डिझेल. गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढला की उतारावर चाकेच इंजिनाला फिरवतात, आणि इंजिन आळशी (आयडलिंगच्या) फेऱ्यांच्या वर असेपर्यंत पंप त्याचे डिझेल तोडतो. जुन्या पंपात हे काम गव्हर्नर करतो, नव्या गाडीत संगणक करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या बळावर चालू राहावे लागते, म्हणून ते थोडेथोडे डिझेल पीतच राहते. म्हणजे जिथे ब्रेक लावल्याशिवाय उतरताच येत नाही अशा घाटात न्यूट्रलने डिझेल वाचत नाही, उलट थोडे जास्तच जाते. काही चालक त्याहून पुढे जाऊन इंजिनच बंद करतात. तेव्हा ब्रेकला दाबाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक ब्रेकसरशी टाकीतली हवा उतरत जाते आणि ती पुन्हा भरत नाही, पॉवर स्टिअरिंग दगडासारखे जड होते, आणि चावी जास्त मागे फिरली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकते. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ एका मालवाहू गाडीने अनेक वाहनांना धडक दिली, तेव्हा चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे प्राथमिक तपासात सांगितले गेले होते. तुम्ही प्रत्येक फेरीला त्याच उतारावरून जाता, म्हणून हा दाखला मुद्दाम दिला.

ब्रेकवर किती भार येतो, याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब सांगतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटरवर आहे आणि खोपोली 60 मीटरच्या आसपास. म्हणजे घाटात गाडी 500 मीटरहून अधिक खाली येते. सोळा टनांच्या गाडीला तेवढे उतरवताना जी शक्ती कुठेतरी जिरवावी लागते, ती साधारण दोन लिटर डिझेल जाळल्यावर निघणाऱ्या उष्णतेइतकी असते. थोडी हवेत आणि टायरमध्ये जाते, पण उरलेली एकतर इंजिनाने खायची किंवा चाकांच्या ड्रमनी, म्हणजे ज्यांवर लायनर घासतात त्या लोखंडी पिंपांनी. गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर इंजिनाचा वाटा शून्य होतो आणि सगळे ड्रमवर येते. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून दूर जातो, लायनरची पकड सुटते, आणि चालकाला वाटते की ब्रेक फेल झाला. लोक ज्याला ब्रेक फेल म्हणतात, त्यातल्या कितीतरी प्रसंगांत ब्रेक आधी दहा मिनिटे शिजवलेला असतो. तुम्हाला आलेला लायनरचा वास ही त्या शिजण्याची सुरुवात होती.

हे मी स्वतः भोगले आहे. माझ्या दुसऱ्या वर्षी कराडहून चिपळूणकडे साखरेची पोती घेऊन कुंभार्ली घाट उतरत होतो आणि तुमच्यासारखाच चौथ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा मध्येच राहिला. मी घाबरून तिसऱ्यासाठी चार वेळा जोर केला, आणि तेवढ्या वेळात गाडी इतकी पळू लागली की नंतर फक्त ब्रेकचा आधार उरला. दोन वळणे ब्रेकने दिली, तिसऱ्या वळणावर पाय तळापर्यंत जाऊनही गाडी थांबेना. डोंगराच्या बाजूच्या गटारात डाव्या अंगाची चाके घालून गाडी थांबवली. त्यात माझ्या क्लीनरच्या खांद्याचे हाड मोडले. तो सोळा-सतरा वर्षांचा मुलगा होता आणि माझ्या भरवशावर झोपला होता. तेव्हापासून मी उताराच्या माथ्यावर गिअर घेतल्याशिवाय एकही घाट उतरलेलो नाही.

त्या क्षणी मला एक गोष्ट माहीत असती, तर तो अपघात टळला असता, आणि तीच आज तुम्ही पक्की लक्षात ठेवावी. लहान गिअर पडला नाही, तर ज्या गिअरमधून नुकतेच बाहेर आलात त्यातच तात्काळ परत जा. चौथ्यातून निघून तिसरा पडला नाही, तर गाडीचा वेग अजून चौथ्यालाच जवळचा आहे. तो पडेल आणि इंजिनाचा आधार परत मिळेल. चौथाही पडला नाही, इतका वेग वाढला असेल, तर थोडी रेस देऊन पाचवा टाका. मोठा गिअर का होईना, गाडी गिअरमध्ये असणे महत्त्वाचे. मग लायनर थंड असतानाच ठाम ब्रेक लावून वेग उतरवा आणि एकेक गिअर खाली या. हे सगळे करूनही गाडी आवरत नसेल, तर हॉर्न आणि चारही दिवे चालू ठेवून, दरीची बाजू सोडून डोंगराच्या अंगाला गाडी घासत थांबवणे हाच मार्ग उरतो. गाडीचे नुकसान होईल याचा विचार त्या वेळी मनात आणू नये.

उतार सुरू होण्याआधी गिअर घ्यायचा म्हणजे नेमके कोठे, हे तुमच्या रस्त्यावर सांगतो. शिरवळकडून पुण्याकडे येताना नव्या कात्रज बोगद्याच्या आधी चढ आहे आणि बोगदा ओलांडल्यावर नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. चढ ओढताना जो गिअर होता, तो बोगद्यात रस्ता सपाट झाला म्हणून सोडून देऊ नका. त्याच लहान गिअरमध्ये बोगदा पार करा आणि त्यातच बाहेर पडा. रस्ता रुंद आणि सरळ असल्यामुळे तो उतार डोळ्यांना उतार वाटत नाही, म्हणून तो घाटापेक्षा अधिक फसवतो. खंडाळ्यालाही घाटाचा माथा येण्यापूर्वीच, गाडी अजून सपाटीवर असताना, वेग उतरवून गिअर घ्यावा. मागून कोणी हॉर्न वाजवत असेल तर वाजवू द्या, डाव्या लेनमध्ये राहा.

ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, असे जुने चालक सांगत आले आहेत आणि मंद इंजिनांच्या काळात ते अगदी बरोबर होते. आताची जास्त ताकदीची इंजिने मोठ्या गिअरमध्येही चढ ओढून नेतात, त्यामुळे अशा गाडीवर उतरताना त्याहून एक गिअर खाली असावे, असे माझे मत आहे. गिअर बरोबर निवडला आहे की नाही, याची खूण सोपी आहे: पाय दोन्ही पेडलांवरून काढला असता गाडीचा वेग अगदी सावकाश वाढला पाहिजे. तो भरभर वाढत असेल, तर थंड ब्रेकवर वेग उतरवून आणखी एक गिअर खाली घ्या, आणि ही परीक्षा पहिल्या शंभर-दोनशे मीटरमध्येच उरकून टाका.

त्यानंतर ब्रेक कसा लावावा? पेडलवर हलका पाय सतत ठेवून उतरणे ही सर्वांत वाईट सवय, कारण ड्रमला निवायला क्षणभरही मिळत नाही. वेग ठरवलेल्या मर्यादेला पोहोचला की ठाम ब्रेक लावून तो ताशी आठ-दहा किलोमीटरने खाली आणावा, पाय पूर्ण उचलावा आणि गाडीला इंजिनाच्या आधाराने पुन्हा त्या मर्यादेपर्यंत येऊ द्यावे. पेडल भराभर दाबत-सोडत राहिल्याने फक्त टाकीतली हवा संपते; हवेच्या काट्यावर अधूनमधून नजर असावी. गाडीला एक्झॉस्ट ब्रेक असेल, तर तो माथ्यावरच चालू करावा. इंजिनातून निघणारा धूर अडवून तो काम करतो, त्यामुळे इंजिनाच्या फेऱ्या जास्त असतील तेव्हाच त्याचा जोर मिळतो, म्हणजे तोही लहान गिअरमध्येच उपयोगी आहे. फक्त परतीच्या वाटेवर गाडी रिकामी असेल आणि रस्ता ओला असेल, तर तो जपून वापरावा, कारण त्याचा सगळा जोर मागच्या चाकांवरच येतो आणि हलक्या गाडीची मागची चाके घसरू शकतात.

चढावर तुम्हाला त्रास नाही, म्हणून तिथले थोडक्यात सांगतो. इंजिन 1200 आरपीएमच्या खाली जाऊन धडधडू लागेपर्यंत वाट पाहू नका, त्याआधीच गिअर उतरवा. आणि चढावर अडकलेली गाडी अर्ध्या क्लचवर धरून ठेवू नका, हँडब्रेक लावा. दुसरे काही नाही.

मालकांशी बोलताना डिझेलचा विषय टाळू नका. गिअरमध्ये उतरल्याने घाटात डिझेल जास्त लागत नाही, हे त्यांना पटवायचे असेल, तर दोन फेऱ्या अशा आणि दोन फेऱ्या तशा, अशी तुलना मात्र करून दाखवायला जाऊ नका. न्यूट्रलची फेरी कोणालाही दाखवण्यासाठी करण्याची नाही. त्याऐवजी लायनर किती फेऱ्यांनी बदलावे लागतात, याची नोंद ठेवा आणि ती वही त्यांच्यापुढे धरा. उस्तादांशी वाद घालू नका. त्यांच्याकडून वळण घेणे, माल बांधणे, रात्रीचे अंतर ओळखणे शिकण्यासारखे पुष्कळ असेल. तेवढे शिका आणि घाटात तुमचा गिअर तुम्ही घ्या.

वाशीहून रिकामी गाडी घेऊन परत येताना शिरवळ ते लोणंद रस्त्यावर, पहाटे रहदारी नसताना, सराव करा. प्रत्येक गिअरमध्ये इंजिन 1500 वर असताना आणि 2000 वर असताना वेगाचा काटा कुठे आहे, ते क्लीनरला कागदावर लिहायला सांगा आणि तो कागद काट्यांच्या बाजूला चिकटवा. वेगाचा किंवा आरपीएमचा काटा बंद असेल, तर आधी तो दुरुस्त करून घ्या. मग सपाटीवर पाचव्यातून चौथा आणि चौथ्यातून तिसरा, असे डबल क्लचने उतरवत राहा; दर वेळी आधी ब्रेकने कागदावरचा वेग गाठायचा, मग दांडा हलवायचा. दहापैकी दहा वेळा आवाज न होता गिअर पडू लागला की अर्धी भरलेली गाडी घेऊन हाच सराव करा, आणि त्यानंतरच भरल्या गाडीचा उतार स्वतःच्या हाताने उतरवा. तोपर्यंत घाटापुरते स्टिअरिंग एखाद्या अशा जाणत्या चालकाकडे द्या, जो उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवतो.